उनपदेवाचे पाणी

वयाची सत्तरी ओलांडल्यावर माणसाने फार लांबचे प्रवास करू नयेत असे आमचे जुने लोक म्हणत. परंतु मुलगी परदेशी असली म्हणजे हा नियम मोडावाच लागतो. असा तो मोडून मी व माझी पत्नी अमेरिकेत गेलो, आणि जून महिन्यातील एका थंड सकाळी यलोस्टोन नावाच्या प्रख्यात राष्ट्रीय उद्यानात, लाकडी फळ्यांच्या पायवाटेवर, शेकडो माणसांच्या गर्दीत उभे राहिलो. समोर एक राखाडी रंगाचा उंचवटा होता व त्यातून वाफ निघत होती. सर्वांच्या नजरा घड्याळाकडे. मग जमिनीच्या पोटात कोणीतरी खाकरल्यासारखा आवाज झाला, पाणी दोन-चारदा उसळून खाली बसले, आणि एकदम ताडाच्या दुप्पट उंचीचा एक शुभ्र स्तंभ आकाशात चढला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाण्याला टाळ्या वाजवलेल्या मी प्रथमच ऐकल्या.

पत्नी माझ्या बाजूला शाल घट्ट लपेटून उभी होती. ती म्हणाली, "अहो, आपल्या उनपदेवाला एवढी माणसं कधी आली नाहीत." आणि क्षणभर थांबून म्हणाली, "पण तिथं पाण्याला हात लावता येतो."

ते खरे होते. यलोस्टोनमध्ये ठिकठिकाणी पाट्या आहेत: फळ्यांवरून खाली उतरू नका, पाण्याला स्पर्श करू नका. हा निर्बंध योग्यच आहे, कारण तेथील पाणी उकळते असते आणि जमिनीचा पापुद्रा कोठे कोठे इतका पातळ की माणूस आत जाऊन शिजून निघावा. तसे अपघात तेथे झालेले आहेत. तरीही पत्नीचे ते वाक्य माझ्या मनात रुतून बसले आणि या लेखाचे मूळ तेथेच आहे.

खानदेशाबाहेरच्या वाचकाला उनपदेव कोठे आहे हे सांगणे अवश्य आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे दोन भाग होऊन नंदुरबार हा नवा जिल्हा झाला. त्याच्या पोटातून तापी वाहते, आणि उत्तरेला सातपुड्याची भिंत उभी आहे. शहाद्याहून उत्तरेकडे निघून म्हसावद मागे टाकले की केळी-उसाची काळी जमीन संपत जाते, मुरूम लागतो, आणि दरा गावाच्या आसपास डोंगर अंगावर येतो. त्या डोंगराच्या पायथ्याशी उनपदेव आहे. गोमुखातून ऊन पाणी बारमाही पडते; ते कुंडात साठते आणि कुंडातून बाहेर जाते. स्थळाच्या नावातच 'ऊन' आहे. जळगाव जिल्ह्यात चोपडा तालुक्यात अडावदजवळही एक उनपदेव आहे, त्याची कीर्ती अधिक. शरभंग ऋषींच्या अंगावरचा रोग जावा म्हणून प्रभू रामचंद्रांनी बाण मारून तेथे ऊन पाणी काढले अशी कथा सांगतात. सुनपदेव व नाझरदेव हे त्याचेच भाऊबंद. म्हणजे सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याला ऊन पाण्याची एक माळच आहे. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली १८८० साली निघालेल्या खानदेश गॅझेटियरात या भागातील उष्ण झऱ्यांची नोंद झालेली आहे. वज्रेश्वरी, तुरळ, राजापूर, उन्हवरे ही कोकणातली ठिकाणे सर्वांना ठाऊक असतात. आमची ही माळ मात्र डोंगराच्या सावलीत राहिली.

मी उनपदेव प्रथम पाहिले ते १९६१ च्या हिवाळ्यात. तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. माझ्या हातापायांना खरूज झाली होती, गंधकाचे मलम लावून लावून आई थकली होती, आणि कोणी तरी तिला सांगितले की पाच सोमवार उनपदेवाला आंघोळ घाल. आम्ही म्हसावदला एका नातलगाकडे उतरलो व त्यांच्या बैलगाडीतून पहाटे निघालो. गाडीत गवत होते, त्यावर गोधडी होती, आणि आईच्या मांडीवर दशम्यांचे गाठोडे होते. उजाडता उजाडता आम्ही पोचलो तेव्हा कुंडावर वाफेचा पातळ पदर धरलेला होता, आणि त्या पदरात पाच-सहा पावरा बायका-मुले आंघोळ करीत होती.

आई काठावर थांबली. मला म्हणाली, "त्यांचं होऊ दे. मग पाणी बदललं की आपण उतरू."

आई वाईट बाई नव्हती. दारी आलेल्याला तिने उपाशी घालवले नाही. पण ती तिच्या काळाची, तिच्या घराची होती, आणि त्या घरात कोणत्या माठाला कोणी शिवावे याचे नियम लहान मुलालाही पाठ असत. तिचे बोलणे कुंडातल्या एका म्हातारीला ऐकू गेले. तिने वर पाहिले आणि आमच्या अहिराणीत, हसत हसत, ती म्हणाली, "पानी ते वाहीच ऱ्हायनं ना, माय."

पाणी तर वाहतेच आहे ना. ते बदलायला थांबायचे कशाला? गोमुखातून नवे येते आहे, दुसऱ्या बाजूने जुने जाते आहे. आत्ताचे पाणी त्यांचेही नाही आणि आमचेही नाही. एवढा सगळा अर्थ त्या पाच शब्दांत होता, पण तो मला पुढे कित्येक वर्षांनी कळला. त्या वेळी एवढेच दिसले की आई ओशाळली आणि माझा हात धरून पाण्यात उतरली. म्हातारीने बाजूला सरून गोमुखाखालची जागा मला दिली व माझ्या पाठीवर ओंजळीने पाणी घालू लागली. खरूज त्या पाण्याने गेली, की गंधकाच्या मलमाने, की थंडी सरल्यामुळे आपोआप, हे मी सांगू शकत नाही. गेली खरी.

अमेरिकेहून परत आल्यावर मला उनपदेवाला जाण्याची ओढ लागली. माझा एक जुना विद्यार्थी शहाद्याला असतो. माघ महिन्यात एके दिवशी त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून मी निघालो. जो रस्ता बैलगाडीने पहाटभर खाल्ला होता तो आता पोटातले पाणी न हलता संपला. कुंडावर गर्दी नव्हती. एक वृद्ध पावरा गृहस्थ शेळ्या डोंगरात सोडून काठावर पाय पाण्यात घालून बसले होते. माझ्या विद्यार्थ्याने 'हे आमचे गुरुजी' म्हणून ओळख करून दिली, आणि मी शिक्षकाच्या जन्मजात खोडीप्रमाणे त्यांना यलोस्टोनची हकिकत सांगू लागलो.

"तिथं पाण्यात उतरू देत नाहीत, बाबा," मी म्हणालो.

"मग पाणी कशाला ठेवलंय?"

"पाहायला."

ते हसले. थोडा वेळ पायांनी पाणी हलवीत राहिले. मग त्यांनी विचारले, "गुरुजी, तिथले लोक कुठं गेले?"

"कोणते लोक?"

"ऊन पाणी आहे तर माणूस असणारच. थंडीत जनावरं येतात, त्यांच्यामागं माणूस येतो. तिथले कुठं गेले?"

छत्तीस वर्षे मी इतिहास शिकवला, आणि हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता. यलोस्टोनमध्ये तीन दिवस हिंडूनही आला नव्हता. मी त्यांना प्रामाणिकपणे सांगितले की वाचून पाहतो व पुन्हा येतो. पुढचे सगळे त्या वाचनाचे फळ आहे.

प्रथम पाण्याविषयी. दोन्हीकडचे पाणी पावसाचेच, परंतु त्याला तापवणारी चूल निराळी. यलोस्टोनखाली वितळलेल्या खडकाचा प्रचंड साठा आहे. सुमारे सहा लाख चाळीस हजार वर्षांपूर्वी तेथे जो महास्फोट झाला त्याच्याच खळग्यात आज लोक टाळ्या वाजवीत उभे असतात. त्या परिसरात दहा हजारांहून अधिक उष्ण झरे, चिखलकुंडे, वाफेची भोके व फवारे आहेत, आणि जगातील निम्मे उसळते फवारे एकट्या त्या उद्यानात आहेत. आमच्या सातपुड्याखाली असा ज्वालामुखी नाही. आमचा काळा दगड ज्वालामुखीचाच, पण तो विझून साडेसहा कोटी वर्षे होत आली. येथे घडते ते असे: नर्मदा आणि तापी या दोन्ही नद्या पृथ्वीच्या कवचातील लांबलचक भेगांच्या पट्ट्यातून वाहतात. डोंगरावर पडलेले पाणी या भेगांतून खोल उतरते. खोलीबरोबर उष्णता वाढते, दर किलोमीटरला साधारण पंचवीस ते तीस अंश. तापलेले पाणी हलके होऊन दुसऱ्या भेगेने वर येते. त्यामुळे आमच्या पाण्यात उड्या नाहीत, गर्जना नाही. ते निमूट येते आणि माणसाच्या अंगाला सोसेल असे येते.

आता माणसांविषयी. यलोस्टोनच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी १ मार्च १८७२ रोजी सही केली. जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान म्हणून त्याचा गौरव होतो. त्याच्या आदल्या वर्षी भूशास्त्रज्ञ हेडन यांची सरकारी मोहीम तेथे गेली होती; तिच्याबरोबर टॉमस मोरन हा चित्रकार व विल्यम हेन्री जॅक्सन हा छायाचित्रकार होता. त्यांची चित्रे पाहून वॉशिंग्टनमधील प्रतिनिधींची खात्री पटली की ही भूमी कोणा एका धनिकाची होऊ देता कामा नये, ती लोकांच्या हितासाठी व आनंदासाठी राखावी. हा विचार थोर आहे. गरम पाण्याच्या झऱ्यावर हॉटेल बांधून तिकीट लावण्याचा मोह त्या काळी किती जबर होता हे ध्यानात घेतले म्हणजे तो अधिकच थोर वाटतो.

पण 'लोक' या शब्दात कोण येते? त्या प्रदेशात अकरा हजार वर्षांपासून माणसांचा वावर असल्याचे पुरावे आहेत. तेथील काळ्या काचेसारख्या दगडाची पाती व भाल्याची टोके हजार मैलांहून अधिक दूर ओहायोतील प्राचीन टेकाडांत सापडली आहेत. म्हणजे हा मुलूख ओसाड तर नव्हताच, उलट मोठ्या व्यापाराचे एक मूळ होता. शोशोनी जमातीची तुकुदिका नावाची एक शाखा, जिला गोरे लोक 'मेंढेखाऊ' म्हणत, ती त्या डोंगरांतच राहत असे. रानमेंढ्यांची शिंगे गरम पाण्यात मऊ करून ते उत्कृष्ट धनुष्ये बनवीत. कायदा होऊन दहा वर्षे उलटण्यापूर्वीच या लोकांना दूरच्या राखीव वस्त्यांत हलवण्यात आले. १८७७ साली नेझ पर्स जमातीचे सुमारे आठशे स्त्री-पुरुष व मुले लष्करापासून पळत याच उद्यानातून गेली, आणि तेथे सहलीला आलेल्या मंडळींशी त्यांची गाठ पडली. एकाच रानात एक पलटण माणसांची शिकार करीत आहे आणि एक कुटुंब झरे पाहत आहे, हे दृश्य कोणा नाटककाराला सुचले असते तर आपण त्याला अतिरंजित म्हटले असते. १८८६ साली तर उद्यानाची व्यवस्थाच लष्कराकडे गेली, ती १९१८ पर्यंत राहिली.

मग पर्यटकांना काय सांगायचे? असे सांगण्यात आले की येथील रहिवासी या झऱ्यांना भिऊन कधी इकडे फिरकतच नसत. ही गोष्ट पुस्तकांत छापली गेली आणि पिढ्यान्‌पिढ्या खरी मानली गेली. अलीकडच्या अभ्यासकांनी ती साफ खोडून काढली आहे. ज्याला घराबाहेर काढायचे त्याला तू येथे राहतच नव्हतास असे सांगणे, हा जगातील फार जुना उपाय आहे. आज सत्तावीस जमातींचा त्या भूमीशी असलेला संबंध उद्यानाने अधिकृतपणे मान्य केला आहे, आणि हत्याकांडात पुढाकार घेणाऱ्या एका लष्करी अधिकाऱ्याचे तेथील शिखराला दिलेले नाव २०२२ साली काढून त्याला 'आद्य लोकांचे शिखर' असे नाव दिले गेले. कॅनडातही थोडे असेच झाले. १८८३ साली रेल्वेच्या तिघा कामगारांना बॅन्फ येथे ऊन पाण्याची गुहा 'सापडली', तिच्यावरून मालकीचा तंटा झाला, म्हणून १८८५ साली सरकारने ती जागा राखून ठेवली आणि १८८७ साली त्या देशाचे पहिले राष्ट्रीय उद्यान झाले. स्टोनी लोकांना ते पाणी पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. पुढे त्यांनाच तेथे शिकारीची मनाई झाली.

हे वाचून मला अमेरिकेवर तोंडसुख घ्यावेसे वाटले असते. पण पुस्तक मिटताना नजर घरच्या खिडकीतून सातपुड्यावर गेली आणि जीभ आवरावी लागली.

आमच्याकडेही माणूस होताच. तापी आणि गोमाई यांच्या संगमावर प्रकाशे येथे १९५४-५५ साली बी. के. थापर यांनी उत्खनन केले, तेव्हा इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकातील वस्तीचे थर निघाले. १८१८ साली पेशवाई बुडून खानदेश इंग्रजांकडे आला. डोंगरातले भिल्ल त्यांना सहजी वश झाले नाहीत. सात वर्षांच्या झटापटींनंतर १८२५ साली जेम्स औट्रम याने धरणगावला भिल्लांचीच पलटण उभी केली व भिल्लांकडून भिल्लांचा बंदोबस्त करविला. १८५७ च्या उठावात खाज्या नाईक व भीमा नाईक यांनी सातपुडा पेटवला. एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणीच्या लढाईत तो विझवण्यात आला. आणि मग १८७८ साली हिंदुस्थानचा वनकायदा झाला.

तारखा शेजारी ठेवून पाहा. १८७२ चा त्यांचा कायदा आणि १८७८ चा आमचा: मध्ये अवघी सहा वर्षे. त्यांनी जंगल राखले ते सौंदर्यासाठी, येथे राखले गेले ते सागवानासाठी, कारण रेल्वेला स्लीपर हवे होते आणि बंदरांना लाकूड. हेतू अगदी निराळे. पण डोंगरात राहणाऱ्या माणसाच्या दृष्टीने पाहिले तर दोन्हीकडे एकच घडले. काल जी वाट होती ती आज हद्द झाली, आणि काल जो रहिवासी होता तो आज अतिक्रमण करणारा झाला. मोहाची फुले वेचणे, शेळी चारणे, राख करून नाचणी-बंटी पेरणे यांना गुन्ह्याची नावे मिळाली. खाली मैदानात राहिलेल्यांच्या जमिनी कर्जाच्या कागदांनी गेल्या. त्याविरुद्ध पाडळद्याच्या अंबरसिंग महाराजांनी १९७० नंतर शहादे तालुक्यात जी चळवळ उभारली तिच्या सभा मी तरुणपणी लांब उभा राहून पाहिल्या आहेत. १९७४ साली ते गेले. लांब उभे राहण्याचे कारण आज आठवून सांगण्यासारखे नाही.

येथे आईच्या त्या वाक्याकडे पुन्हा वळावे लागते. १९२२ साली सुरत जिल्ह्यातल्या आदिवासींत देवीची एक मोठी चळवळ उसळली. अंगात आलेली देवी सांगे: दारू सोडा, रोज आंघोळ करा, नीटनेटके राहा. पुढे तळोदे तालुक्यात मोरवडजवळ गुलाम महाराजांनी 'आप' धर्म सांगितला. त्यांच्या आरतीला हजारोंनी आदिवासी जमत, दारू सोडण्याची शपथ घेत, आणि एकमेकांना 'आप' म्हणून मान देत. ज्यांना सदैव 'अरे-तुरे' ऐकावे लागले त्यांनी एकमेकांना 'आप' म्हणावे, यात केवढे बंड होते हे सांगायला नको. १९३८ साली महाराज वारले, पण त्यांचे अनुयायी आजही आहेत. इतिहासकार या चळवळींना शुद्धीच्या व सुधारणेच्या चळवळी म्हणतात, आणि मीही वर्गात तसेच शिकवले. आता वाटते की या लोकांवर आंघोळ करून दाखवण्याची वेळ कोणी आणली? पहाटेच्या थंडीत वाफेत आंघोळ करणाऱ्या माणसांकडे पाहून 'पाणी बदलू दे' असे ज्यांच्या तोंडून सहज निघे त्यांनी. म्हणजे आम्ही. राखीव जंगलाची हद्द सरकारने आखली. कुंडाच्या काठावरची हद्द कोणत्याही कायद्याने आखलेली नव्हती, ती आमच्या घरातून आली होती.

तरीही एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे, नाही तर लेख एकांगी होईल. उद्यानाने पुष्कळ राखलेही. अमेरिकेत कोट्यवधी रानगव्यांची कत्तल झाल्यावर १९०२ साली यलोस्टोनमध्ये जेमतेम दोन डझन उरले होते. आज तेथे त्यांचे कळप रस्ता अडवून उभे असतात. १९६६ साली टॉमस ब्रॉक या शास्त्रज्ञाला तेथील ऊन झऱ्यात एक सूक्ष्म जंतू सापडला, जो कढत पाण्यात सुखाने जगतो. त्याच्यापासून मिळालेल्या एका द्रव्याच्या साहाय्याने पुढे जनुकांच्या असंख्य प्रती काढण्याची रीत सिद्ध झाली. २०२० सालच्या महामारीत नाकात काडी घालून आपली सर्वांची जी तपासणी झाली, ती या रीतीने. धडगावच्या पाड्यावरील माणसाच्या नाकातल्या काडीचा निकाल अमेरिकेतील एका झऱ्याच्या पाण्याने सांगितला! तो झरा कोणी सिमेंटने बांधून स्नानगृह केला असता तर हे घडते ना. आणि आमच्याकडे? नंदुरबार जिल्ह्यात राष्ट्रीय उद्यान नाही. म्हणून जंगल लोकांकडे राहिले असे म्हणावे, तर तसेही झाले नाही. माझ्या लहानपणी ज्या डोंगरात दिवसा अंधार असे तो आज दुरून उघडा दिसतो. सरदार सरोवराच्या पाण्यात अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील तेहतीस गावे आली, आणि नर्मदेकाठची माणसे तळोदे-शहाद्याच्या सपाटीवर नव्या वसाहतींत उतरली. माणूस हलवला म्हणून रान वाचतेच असे नाही, आणि रान गेले म्हणून माणूस सुखी होतो असेही नाही.

दिवाळीच्या आधी पुन्हा उनपदेवाला गेलो. वचन दिले होते. ते वृद्ध गृहस्थ कुंडावर नव्हते; शेळ्यांच्या मागावर त्यांच्या झोपडीपर्यंत गेलो. ज्वारीची कणसे अंगणात पसरली होती. मी त्यांना तुकुदिका लोकांची सगळी कथा सांगितली: शिंगांची धनुष्ये, काळ्या काचेची पाती, आणि शेवटी त्यांना दूर नेले ते. त्यांनी मध्ये एकदाही तोंड उघडले नाही. कथा संपल्यावर विचारले, "त्यांना कागद होता का, गुरुजी?"

"नव्हता, बाबा. म्हणजे होता, पण गोऱ्यांनी लिहिलेला."

ते उठून आत गेले व एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आले. पिशवीत पिशवी, तिच्यात आणखी एक, आणि सर्वांत आत एक घडी घातलेला कागद. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे मिळालेला तो पट्टा होता. त्यावर नवरा-बायको दोघांची नावे होती, चतुःसीमा होत्या, आणि क्षेत्र होते दोन एकरांहून थोडे कमी. "वाचा," ते म्हणाले. त्यांना तो पाठ असावा हे त्यांच्या ओठांवरून दिसत होते. तरी मी मोठ्याने वाचला. बायकोचे नाव आले तेव्हा त्यांनी मला थांबवले व ते पुन्हा वाचायला सांगितले. ती चार वर्षांपूर्वी गेली. मग कागद जसा आला तसा एका पिशवीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत परत गेला.

निघताना त्यांनी उत्तरेकडे बोट केले. त्यांचा नातू त्या दिवसांत अस्तंभ्याला जायचा होता. सातपुड्याच्या त्या शिखरावर दिवाळीत मोठी यात्रा भरते. अंधाऱ्या वाटांनी हजारो माणसे अश्वत्थाम्याच्या दर्शनाला चढतात. कपाळावरचा मणी काढून घेतल्याने झालेली जखम घेऊन तो चिरंजीव या डोंगरात हिंडतो आणि वाटसरूंजवळ तेल मागतो, अशी आमच्याकडची समजूत आहे. म्हणून यात्रेकरू तेल नेतात. भरून न येणाऱ्या जखमेला ज्या मुलखाने देव मानले, आणि तिच्यासाठी जो दरवर्षी आपल्या घरातले तेल काढून देतो, त्या मुलखात मी जन्मलो, शिकवले, म्हातारा झालो.

परतताना कुंडावर थांबलो. चपला काढून पाय पाण्यात सोडले. शेजारी दोन पावरा पोरे एकमेकांवर पाणी उडवीत होती. त्यांतल्या धाकट्याच्या हाताला खरूज होती. मी सरून गोमुखाखालची जागा त्याला दिली.